दोन बोटांची फट: बाथरूममध्ये थोडक्यात टळलेल्या एका मृत्यूचा अभ्यास

रुग्ण एकवीस वर्षांची मुलगी. आधीचा कुठलाही आजार नाही, फिट कधी आलेली नाही, औषधं चालू नाहीत. सकाळी आंघोळीला गेली आणि वीस-बावीस मिनिटांनी बाथरूमचं दार तोडून तिला बेशुद्ध अवस्थेत बाहेर काढलं. संध्याकाळी ती खाटेवर बसून आईशी बोलत होती. हे प्रकरण नोंदवहीत दोन ओळींत मावलं असतं, आणि बहुतेक वेळा तसं ते मावतंच. मला ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्या मुलीचा जीव ज्या गोष्टींमुळे वाचला त्या एकेक करून सुट्या करता येतात. आणि सुट्या केल्या की दिसतं, की त्यांतल्या बऱ्याचशा पुढच्या खेपेला तिथे नसत्या. घरच्यांची ओळख अर्थातच इथे देत नाही.

त्या सकाळी

बाथरूम पाच फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. नळाच्या वर भिंतीवर मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गीझर. सिलिंडर बाहेर, नळी भिंतीतून आत घेतलेली. धूर बाहेर नेणारा पाइप नाही. या प्रकारच्या गीझरला तो नसतोच, जळून झालेला वायू वरच्या खाचांतून सरळ खोलीत येतो. छताजवळ काचेच्या पट्ट्यांची खिडकी होती. थंडी सुरू झाल्यावर घरच्यांनी तिच्यावर आतून प्लॅस्टिकचा कागद चिकटवला होता. दाराखाली दोन बोटं जातील एवढी फट होती, कारण सुताराने दार थोडं आखूड कापलं होतं. त्या फटीतून पायाला गार वारा लागतो म्हणून रबराची पट्टी आणून ठेवलेली होती. लावायची राहिली होती.

आधी वडिलांची आंघोळ झाली, दहाएक मिनिटांची. ते बाहेर आल्यावर दार दोन-तीन मिनिटं अर्धवट उघडं राहिलं, मग मुलगी आत गेली. केस धुवायचे होते म्हणून गरम पाण्याचा नळ तिने सलग चालू ठेवला. तिला आठवतं ते इतकंच: डोकं जड झालं, कानशिलं ठणकायला लागली, पोटात ढवळलं. सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून होत असेल असं तिला वाटलं. केसांत शाम्पू होता, तेवढा धुऊन बाहेर पडू असं तिने ठरवलं. मग पाय गेले. "पाय आहेत हे कळत होतं, पण ते माझं ऐकत नव्हते," हे तिचे शब्द. दाराची कडी डोक्याच्या उंचीवर. तिने हात वर नेला, तो कडीपर्यंत पोचला नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. पुढचं तिला काहीच आठवत नाही.

बाहेर धाकट्या भावाला कॉलेजला उशीर होत होता. आईने दार वाजवलं. "अगं, आटप ना, हा खोळंबलाय." उत्तर नाही. आत पाणी पडत होतं, पण एकसारखं. अंगावर पाणी घेताना धारेचा आवाज मध्येमध्ये तुटतो, बदलतो. तो तुटत नव्हता. आई नंतर म्हणाली, "मला त्या आवाजाचंच काहीतरी वाटलं." तिने आणखी दोनदा हाका मारल्या आणि मुलाला बोलावलं. त्याने "ताई! ए ताई!" करत दाराला खांदा दिला. कडीचे स्क्रू अर्ध्या इंचाचे, लाकूड ओलीने फुगून भुसभुशीत झालेलं. दोन-तीन धक्क्यांत कडी स्क्रूसकट निघून आली. दार मात्र फूटभरच उघडलं, कारण ते तिच्या खांद्याला अडलं. ती दाराच्या कडेला आडवी झाली होती आणि तिचं तोंड फटीपासून वीतभर अंतरावर होतं.

भाऊ अंग चोरून आत शिरला आणि तिला ओढून बाहेर काढलं. दोघांनी मिळून तिला गॅलरीत नेलं. तिला उलटी झाली, तेव्हा आईने तिला पटकन कुशीवर वळवलं. तिच्या हातांना काही क्षण झटके आले. दरम्यान भाऊ नळ बंद करायला पुन्हा आत गेला. हे त्याने करायला नको होतं, आणि ते त्याला सांगितलंही. अशा घटनांत वाचवायला गेलेला माणूसच दुसरा बळी ठरल्याची उदाहरणं भरपूर आहेत. आधी माणूस बाहेर, मग दार-खिडक्या सताड उघड्या, गॅस बंद करायचा तो बाहेरून सिलिंडरपाशी. त्याचंही डोकं पुढे दोन तास दुखत होतं.

गळती नव्हती

घरच्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर गॅसवाल्याला बोलावलं. त्याने नळीच्या सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. कुठेही बुडबुडा आला नाही. रेग्युलेटर नीट, नळी नवी. गळती नाही, असं त्याने सांगितलं आणि ते अगदी खरं होतं. घोटाळा इथेच होतो. गॅसपासून धोका म्हणजे गळती आणि गळती म्हणजे वास, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं आहे, की वास नाही म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो. स्वयंपाकाच्या गॅसला वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं, पण गॅस जळताना तेही जळून जातं. इथे गॅस गळला नव्हता, तो जळत होता. वाईट जळत होता.

हिशेब साधा आहे. सहा लिटरचा असा गीझर पूर्ण जोरात चालला तर तासाला जवळपास एक किलो गॅस खातो. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपतो. पाच बाय सहा बाय आठ फुटांच्या बाथरूममध्ये एकूण हवाच सात घनमीटरच्या आत. खोली पुरती बंद असती, तर २१ टक्क्यांवरचा ऑक्सिजन पाच-सहा मिनिटांत १८ टक्क्यांच्या खाली उतरला असता. कुठलीच खोली इतकी हवाबंद नसते, म्हणून प्रत्यक्षात वेळ थोडा जास्त लागतो. पण दिशा तीच. आणि वडिलांची आंघोळ आधी झालेली असल्यामुळे मुलीच्या वाट्याला मुळात ताजी हवा आलीच नव्हती. दोन-तीन मिनिटांच्या अर्धवट उघड्या दाराने ती भरून निघत नाही.

ऑक्सिजन कमी पडायला लागला की ज्योतीचा रंग बदलतो, निळ्याची पिवळी होते, आणि कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड होण्याऐवजी अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एकदा हे सुरू झालं की वाढतच जातं, कारण तीच शिळी हवा पुन्हा बर्नरमध्ये खेचली जाते. मी नंतर ते बाथरूम पाहायला गेलो तेव्हा गीझरच्या वरच्या खाचांभोवती काजळीची बोटभर पट्टी होती. पुसली की बोटाला काळं लागत होतं. चांगल्या जळणाऱ्या गीझरवर काजळी धरत नाही. ती पट्टी एका सकाळीत तयार झालेली नव्हती.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही, घशात खवखवत नाही. हवेपेक्षा तो किंचित हलका, म्हणजे जवळपास हवेइतकाच जड. त्यामुळे तो खाली साचतो किंवा वर जमतो असं काही नसतं, सगळीकडे मिसळून जातो. (खाली साचतो तो न जळलेला एलपीजी. या दोन गोष्टींची लोक नेहमी गल्लत करतात.) हवेत याचं प्रमाण दशलक्षात १६०० भाग झालं की वीसेक मिनिटांत डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं. ६४०० भागांना हीच लक्षणं एक-दोन मिनिटांत दिसतात आणि दहा-पंधरा मिनिटांत मृत्यू येऊ शकतो.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइड दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याने जागा अडवली की ऑक्सिजन वाहून नेणारं रक्त कमी पडतं, एवढंच असतं तर कदाचित निभावलं असतं. पण उरलेलं हिमोग्लोबिनही आपल्याकडचा ऑक्सिजन पेशींना सोडायला कुरकुर करतं. सगळ्यात जास्त ऑक्सिजन लागणारे अवयव मेंदू आणि हृदय, म्हणून मार तिथे बसतो. त्यातच बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो, त्याने श्वास जोरात आणि खोल होतो, आणि विष अधिक वेगाने आत ओढलं जातं.

ते "पाय ऐकत नव्हते" हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये हा वायू स्वतःवरच वापरून पाहिला आणि आपलं काय होतंय ते टिपून ठेवलं. रक्तातलं प्रमाण वाढत गेलं तसं त्यांना चालणंही जड झालं. खाणीत पक्षी न्यायची कल्पना त्यांचीच, कारण छोटा पक्षी माणसाच्या आधी कोसळतो. या विषबाधेत अनेकदा शुद्ध जाण्याआधी ताकद जाते, आणि त्याहूनही आधी निर्णय घेण्याची शक्ती मंदावते. बाहेर पडायला हवं हे कळेपर्यंत बाहेर पडता येत नाही. "बरं वाटेना तर लगेच दार का नाही उघडलं?" असं त्या मुलीला किमान चार नातेवाइकांनी विचारलं. तिला यापुढे हा प्रश्न कुणी विचारू नये, असं मला मनापासून वाटतं.

९९ टक्के

रुग्णवाहिकेत तिला नियमाप्रमाणे मास्कने ऑक्सिजन लावला गेला. अपघात विभागात आली तेव्हा ती अर्धवट शुद्धीत होती, नाडी जलद, चेहरा पांढुरका. पुस्तकांत या विषबाधेत त्वचा लालबुंद होते असं लिहिलेलं असतं. जिवंत रुग्णात ते क्वचितच दिसतं, आणि इथेही दिसलं नाही. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९९ टक्के. आईने सांगितलं, "हाताला झटके आले होते." बाथरूममध्ये बेशुद्ध पडली, झटके आले, ऑक्सिजन उत्तम. केसपेपरवर पहिली नोंद "फिट?" अशी झाली, आणि ऑक्सिजन ९९ आहे तर मास्क काढू या, असा विचारही झाला.

ते थांबलं एका ज्येष्ठ सिस्टरमुळे. त्यांनी आईला विचारलं, "बाथरूममध्ये गीझर कुठला आहे? विजेचा की गॅसचा?" आणि उत्तर ऐकल्यावर म्हणाल्या, "मग त्या आकड्यावर जाऊ नका."

बोटावरचं यंत्र दोन रंगांचा प्रकाश पाठवून रक्त किती लाल आहे यावरून अंदाज बांधतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. म्हणून रुग्ण गुदमरत असतानाही आकडा ९८-९९ दाखवतो. रक्ताची विशिष्ट तपासणी केली तरच कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं खरं प्रमाण कळतं. धूम्रपान न करणाऱ्या माणसात हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आत असतं. तिचं आलं २८ टक्के, आणि तेही बाहेर काढल्यापासून जवळपास पन्नास मिनिटांनी, त्यांतली तीस मिनिटं ऑक्सिजनवर गेल्यानंतर. मागे हिशेब केला तर दार तुटलं तेव्हा ते चाळिशीच्या आसपास असणार. आणखी पाच-सात मिनिटं ती आत राहिली असती तर आम्ही कदाचित वेगळ्या प्रकारचे कागद भरत असतो. भावाचं रक्तही तपासलं. नऊ टक्के. सिगरेट ओढत नाही, आणि आत होता तो मिनिट-दीड मिनिट. ही तपासणी व्हायला हवी हेही सिस्टरांनीच सुचवलं.

साध्या हवेत हे विष निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. घट्ट मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. उच्च दाबाच्या कक्षात ऑक्सिजन दिला तर वीस-तीस मिनिटं. बेशुद्ध पडलेल्या रुग्णासाठी, आणि विशेषतः गरोदर स्त्रीसाठी, त्या कक्षाचा विचार करतात. पण त्याने पुढचा मेंदूचा त्रास कितपत टळतो यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, आणि तसा कक्ष सगळीकडे नसतो. इथे मास्कवरच भागवलं. हृदयाचा आलेख आणि हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी दोन्ही ठीक आल्या.

सिस्टरांनी तो प्रश्न विचारला नसता तर? बहुधा तरीही ती जगलीच असती, कारण धोक्याच्या जागेतून ती बाहेर आली होती. पण फिटच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या, आणि दोन दिवसांनी घरी जाऊन ती त्याच बाथरूममध्ये आंघोळीला गेली असती. गॅस गीझरच्या विषबाधेवर आधी फिटचा शिक्का बसल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत घाबरवणारी शक्यता ती वाटते.

काय काय जुळून आलं

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," असं वॉर्डाबाहेर जवळपास प्रत्येकजण म्हणत होता. मुलगी हाती लागल्याच्या आनंदात दुसरं काही सुचणारही नाही, आणि त्या घडीला आईच्या तोंडून हेच यावं. पण मला त्या वाक्यापाशी थांबायचं नाही.

दाराखालची फट सुताराच्या निष्काळजीपणामुळे होती, आणि ती बुजवायची पट्टी घरात येऊन पडली होती. फट असल्यामुळे तिच्या नाकातोंडापाशी बाहेरची थोडी हवा येत राहिली. ती पलीकडच्या भिंतीला, नळाच्या बाजूला बसली असती तर तेवढीही मिळाली नसती. कडी कमकुवत होती. महिन्याभरात ती बदलायचं ठरलं होतं, लांब स्क्रूची पोलादी कडी लावून. बाहेर माणूस होता, आणि तोही घाईत असलेला. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी असती तर दार वाजवायला कुणी आलं नसतं. आईच्या कानाने पाण्याचा आवाज ओळखला. पाय गेल्यावर ती उभी कोसळली नाही, खाली बसली, म्हणून डोकं नळावर आपटलं नाही. उलटी झाली तेव्हा कुशीवर होती. आणि शेवटी एका अनुभवी सिस्टरांची त्या सकाळी ड्यूटी होती.

यातल्या तीन गोष्टी, म्हणजे फट, कडी आणि कॉलेजची घाई, निव्वळ योगायोग. आणखी वाईट म्हणजे त्यांतल्या दोन घरच्यांच्या डोळ्यांत दोष होत्या आणि लवकरच दुरुस्त होणार होत्या. घर जसजसं नीटनेटकं झालं असतं तसतसं ते बाथरूम अधिक जीवघेणं झालं असतं. खिडकीवरचा प्लॅस्टिकचा कागदही काळजीपोटीच लागला होता, मुलांना गार वारा लागू नये म्हणून.

मी घरच्यांशी निवांत बोलायला बसलो तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. तीन आठवड्यांपूर्वी भाऊ आंघोळ करून आला तोच भिंत धरून, उलटी केली आणि दोन तास झोपला. "पित्त झालं असेल," म्हणून विषय संपला. त्या दिवशी त्याचा नंबर शेवटचा होता. आईला थंडी सुरू झाल्यापासून सकाळी डोकेदुखी व्हायची, दुपारपर्यंत उतरायची. चार ते सहा तासांत निम्म्यावर येणारं विष दुपारपर्यंतच उतरणार. तिने चष्म्याचा नंबर तपासून घेतला होता. वडिलांना कधी काही झालं नव्हतं, आणि त्यामुळेच गीझरवर कुणाचा संशय गेला नाही. "मी रोज तिथेच आंघोळ करतो," असं ते मलाही म्हणाले. ते रोज पहिले आंघोळ करतात. रात्रभर मोकळी झालेली सगळी ताजी हवा त्यांच्या वाट्याला येते. घरात ज्याच्या शब्दाला वजन, त्यालाच धोका सगळ्यात कमी, असं इथे झालं होतं.

उन्हाळ्यात काही का झालं नाही, याचंही उत्तर सरळ आहे. खिडकी उघडी, पाणी मुळातच कोमट, ज्योत बारीक, आंघोळ पाच मिनिटांत उरकलेली. गीझर तोच, जागा तीच. थंडीने फक्त चारही गोष्टी उलट्या केल्या.

म्हणजे ही सुटका पहिली नव्हती. मृत्यू त्या बाथरूममध्ये आधीही दोन-चारदा डोकावून गेला होता, पण भावाच्या उलटीला आणि आईच्या डोकेदुखीला कुणी थोडक्यात बचावणं म्हटलं नाही. या संदर्भात मला विमानवाहतुकीतली एक घटना नेहमी आठवते. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ उतरायला आलेलं टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान डोंगरावर आदळलं आणि त्यातले ९२ जण गेले. उंची कमी करण्याविषयीच्या सूचनेचा वैमानिकांनी वेगळा अर्थ घेतला होता. चौकशीत उघड झालं, की सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सचं विमान त्याच जागी, त्याच गैरसमजातून, त्याच डोंगरावरून थोडक्यात निसटलं होतं. त्या वैमानिकांनी ते कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या सगळ्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्या कंपन्यांपर्यंत ते पोचलं नाही. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत अशा थोडक्यात टळलेल्या घटना, शिक्षेची भीती न ठेवता, कळवण्याची व्यवस्था उभी राहिली. ती नासाने चालवायला घेतली, म्हणजे नियम मोडल्याची शिक्षा देणाऱ्या यंत्रणेच्या हाती ती राहिली नाही.

विमानांसाठी जे उभं राहिलं ते घरांसाठी नाही. मृत्यू झाला की पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, बातमी येते. वाचलं की फोन करून खुशाली कळवतात. ज्या माणसाला काय घडलं ते सांगता येतं, त्याला नेमकं कुणी विचारत नाही.

नंतर

चौथ्या दिवशी मुलगी घरी गेली. या विषबाधेत माणूस पूर्ण बरा झाल्यासारखा दिसतो आणि काही दिवसांनी, कधी चार-सहा आठवड्यांनीही, विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यातला बदल असा मेंदूचा त्रास डोकं वर काढू शकतो. म्हणून घरच्यांना सांगून ठेवलं होतं, की तिच्या वागण्या-बोलण्यात काही वेगळं दिसलं तर "अभ्यासाचा ताण असेल" म्हणून सोडून देऊ नका. दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी तिला बोलावून स्मरणशक्ती, लक्ष आणि तोल तपासला. सुरुवातीला वाचलेलं लक्षात राहत नाही अशी तिची तक्रार होती, ती दुसऱ्या भेटीपर्यंत गेली. बंद बाथरूमची भीती मात्र राहिली. ती अजून कडी लावत नाही, नुसतं दार लोटून घेते. ते तसंच राहू द्या, असं मी म्हटलं.

गीझर गॅलरीत गेला. गरम पाण्याचा पाइपच फक्त बाथरूममध्ये येतो, ज्योत बाहेर मोकळ्या हवेत जळते. माझ्या मते हा एकच उपाय पुरता आहे. वडिलांनी आधी एक्झॉस्ट पंखा बसवू का, असं विचारलं होतं. पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत यायला वाट नसेल तर तो नुसताच फिरत राहतो, आणि धुराड्याचा पाइप असलेल्या गीझरच्या बाबतीत तर बाहेर चाललेला धूर उलटा आत खेचू शकतो. शिवाय पंखा लावायला माणूस विसरतो. खिडकी उघडायलाही विसरतो, थंडीत तर मुद्दाम उघडत नाही. जी गोष्ट रोज आठवणीने करावी लागते तिच्यावर जीव टांगून ठेवू नये. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावला, बाथरूमच्या बाहेर, कारण वाफेत तो नीट चालत नाही. युरोपीय मानकाप्रमाणे असा अलार्म दशलक्षात ३०० भागांना तीन मिनिटांच्या आत वाजतो, ५० भागांना मात्र तास-दीड तास घेतो. म्हणजे तो दुसरा पहारा. पहिला पहारा ज्योत बाहेर नेणं हाच.

आईने स्वतःहून एक काम केलं. इमारतीत वर-खाली सगळ्या घरांत बाथरूम त्याच मापाचं, त्यामुळे गीझरही बहुतेकांनी तिथेच बसवलेला. ती दारोदार गेली आणि मुलीचंच नाही, तर मुलाच्या उलटीचं आणि स्वतःच्या डोकेदुखीचंही सांगितलं. दोन घरांतल्या बायकांनी आपल्यालाही सकाळी तसंच होतं असं लगेच सांगितलं. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मात्र ऐकेनात. आमच्याकडे आठ वर्षं गीझर तिथेच आहे, मला काही झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. आईने त्यांना एवढंच विचारलं, "काका, तुमच्याकडे शेवटी आंघोळ कोण करतं?"

शेवटी आंघोळ करायची ती त्यांची सहा वर्षांची नात. लहान मुलांचा श्वास जलद असतो, त्यांच्या रक्तात हे विष मोठ्यांपेक्षा लवकर चढतं. हेही आईने त्यांना सांगितलं, मी तिला सांगितलं होतं तसंच. त्या आठवड्यात त्यांचाही गीझर गॅलरीत गेला.